निकालावर शिक्षक मोजावा काय?

शिक्षक पात्रता परीक्षेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालाने महाराष्ट्रातील शिक्षकवर्गात मोठी अस्वस्थता निर्माण केली. पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकविणाऱ्या आणि पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक असलेल्या शिक्षकाने दोन वर्षांच्या आत ही परीक्षा उत्तीर्ण झाले पाहिजे, अन्यथा सेवा सोडावी, असा त्या निकालाचा आशय आहे. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांची नोकरी राहील. पण पदोन्नती हवी असेल तर त्यांचीही सुटका नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने त्यापूर्वी नेमलेल्या शिक्षकांना या परीक्षेतून वगळले होते. त्या शब्दावर विसंबून पंधरा वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला आता पुन्हा उमेदवारांच्या रांगेत उभे राहावयाचे आहे.

या प्रश्नाकडे केवळ शिक्षकांच्या नोकरीचा प्रश्न म्हणून पाहणे मात्र उचित होणार नाही. भिवंडीसारख्या गावात तर नाहीच. सधन घरच्या मुलाला शाळेत उणे पडले तर शिकवणी लावता येते. बारा-बारा तासांच्या पाळ्यांत यंत्रमागावर राबणाऱ्या कामगाराच्या मुलाला शाळेतील शिक्षकावाचून दुसरा आधार नसतो. तो शिक्षक जाणता असावा, हा त्या मुलाचा हक्क आहे, आणि न्यायालयाने तोच हक्क डोळ्यांपुढे ठेवला आहे. तेव्हा शिक्षकाची पारख होऊच नये, ही भूमिका टिकणारी नाही. प्रश्न आहे तो मापाचा. कोणत्या मापाने मोजावयाचे, आणि त्या मापात नेमके काय मावते?

पात्रता परीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या पाच भागांना प्रत्येकी ३० गुण आहेत. खुल्या प्रवर्गाला १५० पैकी ९० गुणांवाचून तरणोपाय नाही. पर्यायांतून अचूक उत्तर निवडण्याची ही परीक्षा शिक्षकाचे विषयज्ञान काही अंशी दाखवील, हे मान्य. नव्या उमेदवाराला पारखण्यास ती उपयुक्तही आहे. पण घरी भोजपुरी बोलणारे, रस्त्यावर हिंदी ऐकणारे आणि वर्गात मराठी किंवा उर्दू पुस्तक उघडणारे मूल वाचावयास कसे लावावे, याचे उत्तर चार पर्यायांत सापडत नाही. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा अनेक माध्यमांच्या शाळा असलेल्या या शहरात हे कौशल्य वर्षानुवर्षांच्या अनुभवाने येते.

येथे आणखी एक पेच आहे. २०१४ च्या प्रमती खटल्यातील निर्णयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून त्यांच्यापुरता हा प्रश्न आता मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला आहे. परिणामी एकाच गल्लीतील दोन शाळांपैकी एकीतल्या शिक्षकाला दोन वर्षांची मुदत, आणि दुसरीतल्याला अनिश्चिततेची टांगणी!

निकालावर शिक्षक मोजण्याचा मोह मात्र आजचा नाही. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने बारा व चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी वरिष्ठ व निवड वेतनश्रेणी शाळेच्या दर्जाशी बांधली होती. प्राथमिक शाळा ‘प्रगत’ असावी, ‘शाळासिद्धी’त तिला ‘अ’ श्रेणी असावी, आणि नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांहून अधिक असावा, अशा त्या अटी होत्या. शिक्षक संघटनांच्या विरोधानंतर त्या पुढे मागे घ्याव्या लागल्या. पण त्यामागील विचार गेला असे समजण्याचे कारण नाही. दिवाळीनंतर तालुक्यातील वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मागांना मंदी आली की कामगार बिऱ्हाडासह मुलखाला जातो. २०२० च्या टाळेबंदीत तर वर्गच्या वर्ग विरळ झाले. जूनमध्ये पटावर असलेले मूल एप्रिलच्या परीक्षेला हजर नसेल, तर तो निकाल कोणाचा? यंत्रमागावर कापडाच्या मीटरवर मजुरी ठरते. तरीही सूत कच्चे निघाले आणि वीज गेली, तर कमी कापडाचा दोष कारागिराच्या हातांना देता येत नाही, हे जाणता मालक जाणतो. शिक्षण खात्याने तेवढे जाणू नये काय?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील १८६२ च्या नियमावलीच्या धर्तीवर मुंबई इलाख्यातही निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत आली होती. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात तिच्यावर नेमके बोट ठेवले. ज्या गरीब वर्गात विद्येची गोडी अद्याप लागलेली नाही, तेथे ही पद्धत लागू पडणार नाही आणि तिच्या भरवशावर कोणी शिक्षक आपला निर्वाह करू धजणार नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. फुले शिक्षकांचे मिंधे नव्हते. त्यांच्या उणिवांवर त्यांनी तेथेच कठोर शब्दांत टीका केली आहे. म्हणूनच त्यांचा हा इशारा अधिक मोलाचा ठरतो. निकालावर पोट अवलंबून ठेवले की शिक्षक हुशार मुलांकडे वळतो, आणि ज्याला सर्वांत अधिक शिकवावयास हवे तेच मूल त्याला ओझे वाटू लागते.

मोजमाप वाढले, तसे बदलही वाढले. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रत्येक मुलाच्या नोंदींच्या वह्या भरू लागल्या. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला व चाचण्यांचे गुण संगणकावर चढू लागले. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा आदेश एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये बदलला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मागे घेतला गेला. आधीच्या योजनेने काय साधले, याचा हिशेब होण्यापूर्वीच दुसरी दारात उभी! शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकाला देण्यास मनाई करते. पण माहितीचे तक्ते भरण्यात जाणारे तास कोणत्या कलमात बसवावयाचे?

उपाय अवघड नाहीत, इच्छा हवी. मूल वर्गात आले तेव्हा कोठे होते आणि वर्षाअखेर कोठे पोहोचले, हे अंतर मोजावे. केंद्रप्रमुखांनी दप्तर तपासण्यापेक्षा वर्गात बसून पाठ पाहावा, आणि तोही त्या माध्यमाची भाषा जाणणाऱ्याने. ज्यांना पात्रता परीक्षा द्यावयाची आहे, त्यांच्यासाठी जिल्हा शिक्षण संस्थेने त्यांच्या माध्यमातून अभ्यासवर्ग चालवावेत. अनुभवी शिक्षकाला परीक्षेत एकटे सोडणे म्हणजे शिकविण्याच्या आपल्याच कर्तव्यापासून खात्याने पळ काढणे होय.

शिक्षकाला उत्तरदायी धरावेच. पण जो मोजला जातो त्याने माप मान्य करावे, अशी इच्छा असेल, तर ते माप आधी खरे असले पाहिजे. खोट्या मापाने व्यापार बुडतो, तशी शाळाही बुडते, आणि तिच्याबरोबर मागवाल्याचे ते मूलही.