मोटारहोमचा गीझर कडाक्याच्या थंडीत

उत्तर अमेरिकेतल्या मोटारहोमचा गीझर लहानसा असतो. सहसा 6 किंवा 10 गॅलनची, म्हणजे साधारण 23 किंवा 38 लिटरची टाकी, भोवती थर्मोकोलचे आवरण, प्रोपेन गॅसचा बर्नर आणि अनेकदा जोडीला विजेची कॉइल. जळालेल्या वायूला बाहेर पडता यावे म्हणून गीझरचे तोंड थेट गाडीच्या बाहेरच्या भिंतीत ठेवलेले असते. मिनेसोटात जानेवारीच्या रात्री पारा उणे 20 अंश सेल्सियसखाली उतरतो, तेव्हा बोचरा वारा आधी या तोंडालाच भिडतो.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, हे शाळेतच शिकवले जाते. पण बर्फ आतून भिंतीला रेटतो आणि नळी फुटते, ही समजूत अर्धीच खरी आहे. नळीत एके ठिकाणी बर्फाचा गड्डा धरतो आणि वाढत जातो. हा गड्डा आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला सरकायला जागा उरत नाही, आणि त्याचा दाब झपाट्याने चढतो. उणे 1 अंशालाही पाणी नुसत्या दाबाने द्रवरूप ठेवायचे, तर वातावरणाच्या सुमारे 130 पट दाब लागतो. अनेक नळ्या-जोडण्यांची ताकद त्याआधीच संपते. टाकीवरचा सुरक्षा व्हॉल्व्ह 150 पीएसआयला, म्हणजे वातावरणाच्या दहापट दाबाला उघडतो खरा. पण पाणी गड्ड्याच्या पलीकडे कोंडलेले असेल, तर तो दाब व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही.

टाकी स्वतः मात्र चिवट असते. 23 लिटर पाणी 60 अंशांवरून शून्यावर येताना सुमारे 58 लाख ज्यूल उष्णता सोडते आणि शून्यावर आल्यावर पूर्ण गोठायला आणखी 77 लाख ज्यूल सोडावी लागते. एवढी उष्णता आवरणातून निसटायला वेळ लागतो. बारीक नळ्या, पितळी जोडण्या आणि उघड्यावरचा व्हॉल्व्ह यांच्यात पाणी थोडे, म्हणून बळी आधी त्यांचा जातो. टाकीविना चालणारे नवे गीझर याच कारणाने अधिक नाजूक ठरतात, कारण त्यांत पाणी पातळ तांब्याच्या नळ्यांतून फिरते. जर्मनीच्या ट्रुमा कंपनीच्या काही टाकीवाल्या हीटरना तर तापमान 3 अंशांच्या आसपास आले की आपोआप उघडून पाणी सोडून देणारा व्हॉल्व्ह जोडलेला असतो.

गाडीत मुक्काम असेल तर गीझर चालू ठेवणे हा सोपा उपाय. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वायूरूप होऊ शकतो, त्यामुळे थंडीतही बर्नर पेटतो; ब्युटेन मात्र शून्याच्या जवळच अडखळतो. तरीही गीझर ऊब देतो ती टाकीला. पंपापासून टाकीपर्यंतच्या नळ्यांना खोलीतल्या हीटरची हवा किंवा तापणारी विद्युतपट्टी लागते. शिवाय रात्री सिलिंडर संपला, की भरवसाही संपला.

गाडी हिवाळाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करणे हाच खात्रीचा मार्ग. आधी वीज आणि गॅस बंद करून पाणी निवू द्यायचे, पंप बंद करून गरम पाण्याचा नळ उघडून दाब उतरवायचा आणि मगच खालचे बूच काढायचे. दाबाखालचे गरम पाणी अंगावर उडाले तर चांगलेच भाजते. पोलादी टाकीच्या बुचाला बहुधा मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीऐवजी ती झिजते, म्हणून बूच काढलेच आहे तर तीही तपासावी. बुचाच्या पातळीखाली थोडे पाणी उरतेच, पण वर मोकळी जागा असल्याने ते गोठले तरी बिघडत नाही. त्यानंतर बायपास व्हॉल्व्ह फिरवून गीझर वेगळा पाडतात आणि नळ्यांत गुलाबी प्रोपिलीन ग्लायकॉल भरतात. बायपास विसरला, तर 6 गॅलन द्रावण टाकीतच वाया जाते. मोटारीच्या इंजिनाचे अँटिफ्रीझ इथे मुळीच वापरायचे नाही, कारण त्यात बहुधा विषारी एथिलीन ग्लायकॉल असते.

वसंतात नळ्या धुऊन, बायपास पूर्ववत करून टाकी आधी भरायची आणि गरम नळातून हवेचे फुसफुसणे थांबले की मगच बटण दाबायचे. कोरड्या टाकीत कॉइल काही क्षणांत जळते.