खेळणाऱ्या पोराच्या खांद्यावर कुणाचे ओझे?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. ऑफिसातून येऊन मी हातपाय धुतले, चहाचा कप हातात घेतला, तोच बहीण दारात उभी.

"दादा, पोरगं अजून घरी आलं नाही. सर म्हणले, सगळी पोरं दुपारीच वापस आलीत."

भाचा तेव्हा दहावीत होता. उंच, अंगाने काटक. आमच्या करमाडच्या वस्तीतल्या पोरांनी एका जुन्या लोखंडी खांबाला रिंग वेल्डिंग करून घेतली आहे. शेंद्र्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या एका दाजींनी सुट्टीच्या दिवशी ते काम फुकट करून दिले. त्या रिंगवर हा पोरगा बास्केटबॉल शिकला. त्या दिवशी शहरात जिल्ह्याच्या संघासाठी निवड होती.

तासाभराच्या शोधानंतर तो रेल्वे स्टेशनवरच्या बाकड्यावर सापडला. पायात चप्पल. खेळायचे बूट पिशवीत घालून मांडीवर धरलेले. मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने तो बोलला, "मामा, बूट वापस करावे लागतील का?"

वाचकहो, त्या प्रश्नाने मला रात्रभर झोप आली नाही. कारण ते बूट मीच मिळवून दिले होते. १४ एप्रिलला जयंतीच्या स्टेजवर माईक हातात घेऊन मी म्हणालो होतो, "हा पोरगा आपल्या सगळ्यांचं नाव काढणार आहे." टाळ्या पडल्या. कुणी पन्नास दिले, कुणी शंभर. रोजंदारीवर जाणाऱ्या एका मावशींनी पदराची गाठ सोडून दहाची नोट दिली. मला वाटले, मोठे सामाजिक काम झाले. पोराच्या मनात मात्र त्या दिवसापासून कर्जाची वही उघडली होती.

निवडीच्या मॅचमध्ये त्याला तीन फ्री थ्रो मिळाले. तिन्ही चुकले. ज्यांना हा खेळ माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. समोरच्या संघाने नियम मोडला की खेळाडूला रेषेवर उभे करून फ्री थ्रो देतात. रिंग जमिनीपासून १० फूट उंच आणि रेषा फलकापासून १५ फूट लांब. आडवे कुणी येत नाही, ढकलत नाही, चेंडू हिसकावत नाही. ५ सेकंदांत चेंडू टाकायचा, गेला तर एक गुण. तसे पाहिले तर खेळातला सर्वांत सोपा फेक. पण सगळे थांबलेले असतात आणि सगळ्यांचे डोळे तुमच्या हातावर असतात. मनावर ओझे असले तर ते नेमके इथेच हातात उतरते. आमचा पोरगा म्हणाला, "मामा, रिंगच दिसत नव्हती. सगळी वस्तीच दिसत होती."

याच दिवसांत माझी पुतणी एक पुस्तक घेऊन आली. ती शहरात विद्यापीठात इंग्रजीत एम.ए. करते. पुस्तकाचे नाव 'स्लॅम'. लेखक वॉल्टर डीन मायर्स, अमेरिकेतील काळ्या समाजाचे. माझे इंग्रजी कारकुनाचे, अर्ज आणि टिपणीपुरते. म्हणून रोज जेवणानंतर तिने दोन-चार पाने मराठीत सांगत वाचायची असे ठरले. ऐकायला मी, माझी बायको, बहीण आणि कोपऱ्यात न ऐकल्यासारखे करून बसलेला भाचा.

१९९६ साली आलेली ही किशोरांसाठीची कादंबरी आहे. १९९७ साली तिला कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार मिळाला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नीच्या नावाचा हा पुरस्कार काळ्या लेखकांच्या उत्तम बालकिशोर पुस्तकांना देतात. नायक ग्रेग हॅरिस, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये आदळणे याला स्लॅम म्हणतात. त्यात तो पटाईत, म्हणून सगळे त्याला स्लॅमच म्हणतात.

मैदानावर तो राजा आहे. अडचण मैदानाबाहेर आहे. त्याने वस्तीतली शाळा सोडून अभ्यासात पुढारलेल्या नव्या शाळेत नाव घातले आहे. तिथे गोरी मुले जास्त. गणित डोक्यात शिरत नाही. शिक्षकाने वर्गात प्रश्न विचारला की त्याला अपमान वाटतो आणि तो भडकतो. संघाच्या कोचशी पटत नाही, कोच त्याला बाकावर बसवून ठेवतो. घरची लाडकी आजी मरणपंथाला लागलेली आहे. आणि लहानपणापासूनचा जिवलग मित्र आइस, जो खेळातही तोडीस तोड, त्याच्याकडे अचानक पैसा दिसू लागतो. तो नशेचा माल विकतो की काय, हा संशय स्लॅमला आतून खातो.

म्हणजे पाहा, एका पोरावर किती बाजूंनी दाब! आणि तो बोलत कुणाशीच नाही. चेंडू घेऊन जातो आणि एकटाच रिंगवर आदळत बसतो. इथे भाच्याने पहिल्यांदा मान वर केली.

या पोराला कुणी चमत्कार करून वाचवत नाही. एक मैत्रीण त्याला गणित शिकवायला बसते. एक सहायक कोच, गोल्डस्टीन नावाचा, त्याच्याशी खरे बोलतो. त्याच्या सांगण्याचे सार मी असे घेतले: मैदानावर तू गुणफलक बघून खेळतोस, मग मैदानाबाहेरचा गुणफलक बघायला का घाबरतोस? तो त्याची खोटी स्तुती करत नाही आणि त्याला हाकलूनही देत नाही.

मायर्स यांना हे कुठून कळले? त्यांचा जन्म १९३७ चा. आई लहानपणीच गेली, दुसऱ्या कुटुंबाने हार्लेममध्ये वाढवले. बोलताना उच्चार नीट निघत नसत, मुले हसत, मग मारामाऱ्या. शाळा अर्धवट सोडून सतराव्या वर्षी ते सैन्यात भरती झाले. वाचनाची आवड मात्र सुटली नाही. पुढे त्यांनी शंभराच्या आसपास पुस्तके लिहिली. २०१४ साली ते वारले. त्याच वर्षी त्यांनी एका लेखात विचारले होते की, मुलांच्या पुस्तकांत आमची माणसे कुठे आहेत? अमेरिकेत २०१३ साली आलेल्या सुमारे ३,२०० बालपुस्तकांपैकी फक्त ९३ काळ्या माणसांविषयी होती, हा आकडा त्यांनी दिला होता.

हार्लेम आपल्याला परके नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमला लागूनच आहे. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर काढली, तेव्हा नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले.

खेळाडूच्या खांद्यावरचे ओझे तर आपण फार आधीपासून पाहिले आहे. चांभार समाजातले पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर मैदान राखत आणि साहेबांना गोलंदाजी टाकत. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले ते सामने जिंकून हवे होते म्हणून. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू चालायचा, पण चहा मात्र बाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कप्तानपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, हे आपण जाणतो. त्याने त्यांच्या गोलंदाजीचे मोल कमी होत नाही. एक चेंडू चुकला तर "यांची लायकीच नाही" म्हणायला शंभर तोंडे तयार, अशा स्थितीत तो माणूस वर्षानुवर्षे खेळला. ते ओझे व्यवस्थेने लादले होते. आपल्या पोरांवर तेच ओझे आपण प्रेमाने लादतो, एवढाच फरक.

आपल्या घरांत दोन टोके दिसतात. एक म्हणजे, "खेळून काय पोट भरणार? पुस्तक घे." दुसरे म्हणजे, "खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण आहेत, तेवढं सर्टिफिकेट आण." सवलती खऱ्या आहेत, त्यांची माहिती घ्यावी, अर्ज वेळेवर भरावेत. मी कारकून आहे, कागदाची किंमत मला कळते. पण पोरगे रिंगकडे बघताना त्याला नोकरी, घराचे हप्ते आणि समाजाची मान एकदम दिसू लागली, तर चेंडू जाणार कसा?

आयाबापांना हात जोडून एवढेच सांगतो. पोरगे हरून आले तर आधी जेवायला वाढा, विचारपूस नंतर. "तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं" हे वाक्य घरातून काढून टाका. खेळापायी अभ्यास मागे पडत असेल तर खेळ बंद करू नका, शेजारी बसून गणित शिकवणारे कुणीतरी शोधा. आपल्या वस्तीत शिकलेली मुले-मुली आता कमी नाहीत. पोराच्या हातात अचानक पैसा दिसला, नवे मित्र दिसले, तर आरडाओरडा न करता विचारा. आणि माझ्यासारख्या कार्यकर्त्यांनी मदत जरूर करावी, पण माईक बाजूला ठेवून.

स्टेशनवरच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच देऊ शकलो नव्हतो. दोन दिवसांनी भाच्याला घेऊन त्या रोजंदारीवाल्या मावशींकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाल्या, "बाळा, मी पैशे बुटाला दिले होते, जितायला नाही." पोरगा तिथेच रडला. त्यानंतर मोकळा झाला.

पुतणीने त्याला वर्षभर गणित शिकवले. दहावी पास झाला, गणितात काठावर, पण पास. संध्याकाळी रिंगवर असतो. जिल्ह्याच्या संघात निवड होईल न होईल, आता घरात कुणी विचारत नाही. ते बूट आता त्याला घट्ट होतात. परवा वस्तीतला एक लहान पोरगा ते मागायला आला. भाच्याने ब्रश घेऊन बूट पुसले, नाड्या बदलल्या आणि त्याच्या हातात देताना म्हणाला, "घे. वापस द्यायचे नाहीत."