कोयना भरायला चार तास

दक्षिण अमेरिका मोजायला निघायचं तर घरची मापं बरोबर घ्यावीत. नुसत्या आकड्यांवर शून्यं चढत जातात आणि डोकं सुन्न होतं. म्हणून आपण झोळीत एक कळसूबाई टाकू, एक कोयना, मुंबई-पुणे रस्ता, दहा हजार लिटरचा टँकर आणि गावाकडची एक विहीर. चला.

आधी कोरडं टोक. चिलीच्या उत्तरेला, ऐन समुद्रकाठी आरिका नावाचं शहर आहे. ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ या काळात तिथे पाऊस पडलाच नाही. तब्बल १७३ महिने! पाळण्यातल्या पोराला मिसरूड फुटलं, तरी पाऊस म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही. आरिकाची वर्षाची सरासरी जेमतेम पाऊण मिलिमीटर. आपल्या आंबोलीत वर्षाला सात मीटरच्या आसपास कोसळतो. आंबोलीचा एक पावसाळा आरिकात गोळा करायचा, तर नऊ हजार वर्षं भांडं मांडून बसावं लागेल. शिवाय भांड्यातलं पाणी उन्हाने उडता कामा नये!

तिथून डोंगर चढून बोलिव्हियात या. साडेतीन हजार मीटरहून उंचावर उयुनीचं मिठाचं मैदान पसरलंय, सुमारे साडेदहा हजार चौरस किलोमीटर. म्हणजे अख्खा सातारा जिल्हा. महाबळेश्वर पुसा, उसाचे मळे पुसा, माणदेश पुसा आणि त्या जागी पांढरंशुभ्र मीठ अंथरा. तेही इतकं सपाट, की या टोकापासून त्या टोकापर्यंत चढउतार फक्त मीटरभराचा. मीठ किती? अंदाजे एक हजार कोटी टन. आपण १४० कोटी लोकांनी रोज माणशी दहा ग्रॅम खाल्लं, तर वर्षाला ५१ लाख टन लागतं. करा भागाकार. सातवाहनांच्या काळापासून रोज इतकीच पंगत बसली असती, तरी बरणीचा तळ आत्ता कुठे दिसू लागला असता.

ज्या डोंगरांत हे मैदान आहे ते अँडीज. लांबी सात हजार किलोमीटर. रोह्यापासून मंगळुरूपर्यंतची कोकण रेल्वे नऊ वेळा जोडली तरी अँडीज उरतेच. त्यातलं सर्वांत उंच शिखर आकोंकाग्वा, ६,९६१ मीटर. झोळीतली कळसूबाई काढा, एकीवर एक अशा चार रचा, तरी वर पावणेचारशे मीटर चढायचे राहतात. आणि या उंचीला माणूस बिचकलाय म्हणता? ला पाझ शहरात २०१४ पासून लोक रोपवेने कामाला जातात. दहा मार्ग, मिळून तीसेक किलोमीटर. आपला रायगडचा रोपवे एक किलोमीटरसुद्धा भरत नाही. ला पाझच्या तारा सीएसएमटीहून एका रेषेत ताणल्या, तर लोंबकळत जवळजवळ मुलुंड गाठता येईल. आणि खाली रूळ ओलांडणारं कुणी नाही!

व्हेनेझुएलातला एंजल धबधबा ९७९ मीटरचा. सदतीस गेटवे ऑफ इंडिया एकावर एक ठेवले तरी वर थोडी जागा राहते. कोरड्या दिवसांत बरंचसं पाणी खाली पोचण्याआधीच धुकं होऊन जातं. ज्याच्या नावाचा हा धबधबा, तो वैमानिक जिमी एंजल १९३७ मध्ये त्या डोंगराच्या माथ्यावर उतरला, विमान चिखलात रुतलं, आणि मंडळींना खाली यायला अकरा दिवस चालावं लागलं.

आता माणसाचा पराक्रम. ब्राझील आणि पॅराग्वे यांच्या सीमेवर पाराना नदीवरचं इताइपू धरण. वीजक्षमता १४,००० मेगावॉट, म्हणजे सात कोयना प्रकल्प. २०१६ या एका वर्षात त्याने १०,३०० कोटी युनिट वीज दिली. महिना शंभर युनिट जाळणारी साडेआठ कोटी घरं वर्षभर उजळतील इतकी! काँक्रीट लागलं सव्वा कोटी घनमीटरच्या घरात. तेवढं पुण्याच्या एक्स्प्रेसवेच्या सहाही लेनवर टोकापासून टोकापर्यंत ओतलं, तर साडेपाच मीटरहून जाड थर बसेल. बेस्टची डबल-डेकर उभीच्या उभी गडप. पण याच धरणाच्या जलाशयात १९८२ साली ग्वाइराचे धबधबे बुडाले. पाण्याच्या लोटात त्यांची जगात पहिल्या काहींत गणना व्हायची. एक विक्रम घडवायला दुसरा बुडवला. हा हिशेब मला अजून जमत नाही.

आणि आता ॲमेझॉन. पेरूतलं इकितोस शहर समुद्रापासून नदीमार्गे ३,६०० किलोमीटर आत, जवळपास कन्याकुमारी ते कटरा इतकं. तरी त्याची उंची शंभर मीटरच्या आसपास! त्या उताराने मुंबईहून पुण्याला गेलो असतो, तर घाट कसला, जेमतेम एक मजला चढलो असतो. इतक्या संथ उतारावरून नदी समुद्रात सेकंदाला सरासरी २० कोटी लिटर पाणी लोटते. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल अशा साडेपाचशेहून जास्त विहिरी काठोकाठ भरल्या. टिचकी वाजवा, आणखी साडेपाचशे. मुंबईला दिवसभर लागणारं पाणी? वीस सेकंदांच्या आत. पुण्याची खडकवासला साखळी, चारही धरणं? सव्वा तासाच्या आत. आणि कोयना, जी भरली की आपण पेढे वाटतो? चार तास आणि वर थोडी मिनिटं. सकाळच्या चहाला रिकामी, दुपारच्या जेवणाला दरवाजे उघडा!

टँकरने वाहायचं म्हणाल, तर सेकंदाला वीस हजार टँकर. एकाला एक चिकटून उभे केले तर मुंबईपासून थेट पुण्यापर्यंत रांग. हे झालं एका सेकंदाचं पाणी. पुढच्या सेकंदाला दुसरी रांग. मिनिटात साठ.

थांबा, टँकर परत पाठवू नका. ॲमेझॉनच्या जंगलातली झाडं पानांवाटे जी वाफ सोडतात, तिचा शास्त्रज्ञांचा अंदाज दिवसाला दोन हजार कोटी टन. नदी देते सतराशे कोटींच्या आसपास. म्हणजे खालच्या नदीहून मोठी नदी वर, आभाळात, डोळ्यांना न दिसता वाहतेय. तिचं पाणी भरायचं ठरवलं, तर सेकंदाची रांग पुण्यात मावत नाही. कात्रज ओलांडून ती खेड शिवापूरच्या टोलनाक्याला जाऊन भिडते.