वसमत : काळी, पांढरी आणि पिवळी

मार्चमध्ये वसमत तालुक्यातल्या कुठल्याही रस्त्याला लागा, शिजत्या हळदीचा वास सोबतीला येतो. काढलेले कंद शिजवायचे, खळ्यावर पसरून वाळवायचे, मग ढोलात घालून पॉलिश करायचे. उघड्या कढया जाऊन वाफेचे कुकर आले, पण हळद शिजली की नाही हे आजही हळकुंडात काडी खुपसूनच बघतात. काडी अलगद आत गेली की झाले. २०२४ मध्ये ‘वसमत हळदी’ला भौगोलिक मानांकन मिळाले आणि शेतकऱ्याच्या या जाणकारीवर सरकारी शिक्काही उमटला.

त्याच शेतकऱ्याच्या जुन्या घराकडे मात्र कुणी त्या नजरेने पाहिले नाही.

मराठीत शेताला काळी म्हणतात आणि वस्तीला पांढरी. मराठवाड्यात हे अगदी शब्दशः खरे. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यात पीक घ्यावे, ती घरावर घालू नये. म्हणून धाबे, म्हणजे माळवद, पांढऱ्या मातीचे. तळखड्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यांवर किलच नि पाला आणि सगळ्यांच्या वर मातीचा जाड थर. खांबांमधल्या जागेला खण म्हणायचे. घर केवढे, हे खणांतच सांगत. छताला एक सवणे: उजेड आत, धूर बाहेर. पावसाळ्याआधी वर ताजी माती पडे, पाणी पन्हळीतून निघून जाई. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की त्या मातीखालचा गारवा ज्याने अनुभवला आहे, त्याला पत्र्याखालची दुपार सोसवत नाही.

पण या घराचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवू नये. दरवर्षी नवी माती टाकायची तर जुनी खरवडून काढायला हवी. खरवडणे मागे पडले, टाकणे चालू राहिले, आणि थरावर थर चढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हेच वजन झोपलेल्या माणसांवर कोसळले. तिथेही जिथे छताचा भार लाकडी खांबांनी पेलला होता, तिथे दगडी भिंती ढासळूनही सांगाडे उभे राहिल्याचे दिसले. त्यातून काही शिकण्याची ती वेळ नव्हती, हेही खरे. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी गेली, सरळ आखीव रस्त्यांवर, शहरी वसाहतीसारखी. माळवदाची भीती तेवढी साऱ्या मराठवाड्यात मुरली.

वसमतकरांना ही गोष्ट दूरची वाटत नाही. तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणारे गूढ आवाज लोक वर्षानुवर्षे ऐकत आले आहेत. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहानंतर ४.५ रिश्टरचा धक्का बसला. १० जुलैला पुन्हा तेवढाच.

आता कितीतरी घरांवरची माती उतरून पत्रे चढले आहेत. पत्रा हलका म्हणून बरा, पण हलका म्हणूनच वैशाखातल्या वावटळीत उडतो. मग लोक त्यावर दगड ठेवतात. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने आवाहन केले ते या दगडांबद्दलच: पत्र्यांवरचे दगड काढून घ्या.