नाताळच्या सजावटीसाठी दख्खनी लोकर

दिवाळीनंतर देशावरील धनगरांचे कळप घाट उतरून कोकणात येतात. कापणी झालेल्या भातखाचरांत मेंढ्या रात्री बसविल्या, म्हणजे लेंडी व मूत्राचे उत्तम खत जमिनीस मिळते. रायगड किनाऱ्यावर हेच दिवस नाताळच्या तयारीचे. कुंडलिका खाडीच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर वसलेल्या कोर्लई गावी ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. 1740 साली हा मुलूख पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. तथापि पोर्तुगीजमधून घडलेली बोली तेथील घरांतून अद्याप बोलली जाते. खाचरात बसणाऱ्या मेंढीची लोकर अशा घरांच्या सणाला सहज उपयोगी पडेल.

दख्खनी मेंढीची लोकर जाड व राठ असते. घोंगडीखेरीज तिला फारशी मागणी उरलेली नाही. पुष्कळदा विक्रीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही व लोकर टाकून द्यावी लागते. अंगावरील मऊ कपड्यास ती निरुपयोगी खरी. परंतु शोभेच्या वस्तूस राठपणा बाधत नाही, उलट वस्तूचा आकार टिकतो.

लोकर निरोगी मेंढीची व कोरडी घ्यावी. नाकास फडके बांधून तिच्यातील काटेकुटे वेचावेत व नंतर हात साबणाने धुवावेत. रात्री भिजत घातलेल्या रिठ्यांच्या कोमट पाण्यात लोकर हलक्या हाताने बुडवावी. चोळू नये, चोळल्यास तिच्या गुठळ्या होतात. स्वच्छ पाण्यातून काढून ती सावलीत वाळवावी व मग पिंजावी. काळी, पांढरी व तपकिरी लोकर मूळ रंगातच शोभते. पिवळा रंग हवा असल्यास तुरटी व डाळिंबाची साल वापरावी. हळदीचा रंग उन्हात लवकर उडतो.

चांदणीसाठी नारळाच्या झावळीचे हीर घ्यावेत. सुमारे 15 सेंटिमीटर लांबीचे तीन हीर मध्यावर एकमेकांवर ठेवून सुताने घट्ट बांधावेत व त्यांची सहा टोके सारख्या अंतरावर पसरावीत. मग लोकरीचे सूत प्रत्येक हिराला एक वेढा देत मध्याकडून बाहेर गुंडाळीत न्यावे. दोन रंगांची सुते आळीपाळीने घेतल्यास नक्षी उठून दिसते. दारावरील मोठ्या चांदणीस बांबूच्या कामट्या घ्याव्यात. घोंगडीप्रमाणे चिंचोक्याच्या खळीचा पातळ हात दिल्यास सूत ताठ राहते.

गव्हाणीच्या देखाव्यात मेंढरू हवेच. न विणता, लोकर दाबून व चोळून जेन तयार करतात; त्याच रीतीने ते होते. पांढऱ्या लोकरीचा घट्ट गुंडा सुताने बांधून त्यावर पिंजलेल्या लोकरीचे पातळ थर आडवे-उभे द्यावेत. कोमट रिठ्याच्या फेसात भिजवून तो तळहातांत प्रथम हळू व नंतर जोराने फिरवावा. राठ लोकर सावकाश धरते, म्हणून घाई करू नये. गुंडा वाळल्यावर काळे सूत गुंडाळलेले चार हीर पायांच्या जागी खोचावेत. डोके लहान गुंड्याचे करून शिवावे.

किनाऱ्यावरील दमट हवेत खळीस बुरशी व लोकरीस कसर लागते. म्हणून सण झाल्यावर या वस्तूंना ऊन द्यावे, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात आणि पावसाळ्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात. मेणबत्तीपासून त्या दूर टांगाव्यात. लोकर सहसा पेटत नाही, परंतु हीर लगेच पेट घेतात.

विक्रीचा विचार असल्यास प्रथम थोडेच नग करून शेजारच्या गावांत दाखवावेत व लोकर, सूत आणि वेळ यांचा हिशेब वहीत मांडूनच किंमत ठरवावी. लोकर घेताना धनगर कुटुंबास तिचे मोल आवर्जून द्यावे. खताबरोबर लोकरीचेही चार पैसे हाती आले, तर पुढील वर्षी ती उकिरड्यावर जाणार नाही.