वहिवाटीचा रस्ता शेजाऱ्याने अडवला तर

पेरणी तोंडावर आलेली आणि बांधाशेजाऱ्याने नेहमीच्या वाटेवर जेसीबीने चर खणून ठेवलेला. अशा वेळी माणूस आधी पोलीस ठाणं गाठतो. शिवीगाळ, हाणामारी झाली असेल तर तिथे तक्रार घेतली जाते. रस्ता कोणाचा, हे पोलीस ठरवत नाहीत. त्यासाठी तहसीलदाराकडेच जावं लागतं. पण कोणत्या कलमाखाली, इथे गफलत होते.

वाट वापरात होती आणि आता अडवली, तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5. कायदा इंग्रजांच्या काळचा, पण शिवारात अजून त्याचीच चलती आहे. वाट नव्हतीच, नव्याने हवी, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143. त्यात दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता मागता येतो. एकाच अर्जात दोन्ही कलमं घातली की समोरचा वकील विचारणारच, वाट होती म्हणता की नव्हती?

कलम 5 खाली दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. ‘भावकीच आहे, दिवाळीनंतर बसून मिटवू’ म्हणता म्हणता ही मुदत टळते. म्हणून अर्जात वाट अडवल्याची तारीख नेमकी हवी, ‘काही दिवसांपूर्वी’ असं मोघम नको. गट नंबर, वाटेची दिशा आणि लांबी-रुंदी लिहावी. सातबारा, नकाशा जोडावा, साक्षीदारांची नावं द्यावीत.

नोटिसा निघाल्या, जबाब झाले, की येते स्थळपाहणी. माझ्या मते निम्मं प्रकरण इथेच ठरतं. गाडीची जुनी चाकोरी, ये-जा करून बांध खाली बसलेली जागा हे सगळं पंचांसमोर दाखवावं आणि पंचनाम्यात उतरलं का ते सही करण्याआधी वाचावं. नांगर फिरवून चाकोरी मोडली असेल, तर जुने फोटो कामी येतात.

उताराने येणारं पावसाचं पाणी खालच्या शेतकऱ्याने ताल घालून तुंबवलं आणि वरचं पीक धोक्यात आलं, तरी हेच कलम 5 लागू पडतं.

कलम 5 च्या निकालावर अपील नाही. पुनरीक्षण होतं, बहुधा प्रांतांकडे. कलम 143 चा निर्णय मान्य नसेल, तर एका वर्षात दिवाणी दावा लावता येतो. कलम 5 खाली तहसीलदाराने दिलेला मनाई हुकूम मोडणाऱ्यावर मात्र फौजदारी कारवाई होऊ शकते.