गेमिंगचा मॉनिटर घेताना : आधी संगणक बघा, मग पडदा

दहावी-बारावीचा निकाल लागला, कंपनीत बोनस मिळाला किंवा भिशी लागली की आपल्या घरांत हल्ली एक नवी मागणी पुढे येते. मुलाला गेमिंगचा मॉनिटर हवा असतो, तोही '१४४ हर्ट्झवालाच'. अब्बूंना हर्ट्झ म्हणजे काय ते माहीत नसते. अम्मीला डोळ्यांची आणि अभ्यासाची काळजी असते. मुलाला मात्र यूट्यूबवर ऐकलेले सगळे आकडे तोंडपाठ असतात. मग एक तर मागणी धुडकावली जाते, नाहीतर दुकानदार दाखवेल तो डबा घरी येतो. पहिल्या वाटेने मुलगा गेमिंग कॅफेत तासाचे पैसे मोजू लागतो. दुसऱ्या वाटेने महिन्याच्या पगाराचा मोठा वाटा अशा वस्तूत जातो, जिचा निम्मा उपयोगही होत नाही.

आम्ही हा लेख आपल्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरातल्या मुकुंदवाडीतले घर डोळ्यांपुढे ठेवून लिहीत आहोत. एका बाजूला जालना रोड, पलीकडे चिकलठाणा एमआयडीसी, दोन खोल्यांचा संसार आणि कंपनीतल्या पाळीवर चालणारे दिवस. अशा घरात गेमसाठी वेगळी खोली नसते. संगणक असतो तिथेच जेवण होते, पाहुणे बसतात आणि धाकटी बहीण अभ्यास करते. म्हणून इथे मॉनिटर निवडताना एका मुलाचा नव्हे, सगळ्या घराचा विचार करावा लागतो.

हर्ट्झ म्हणजे काय?

आपल्या जिल्ह्याला पडदे नवे नाहीत. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात व्हिडिओकॉनचा टीव्हीचा मोठा कारखाना होता. पिक्चर ट्यूबचा तो काळ. २००५ साली या कंपनीने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसायही विकत घेतला. पण तोवर सपाट पडदे बाजारात येऊ लागले होते आणि ट्यूबचे दिवस भरत आले होते. पुढे २०१८ मध्ये कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

त्या जुन्या ट्यूबच्या मॉनिटरवरही हर्ट्झ होतेच. पडदा एका सेकंदात किती वेळा नव्याने रंगवला जातो, तो आकडा म्हणजे हर्ट्झ. ट्यूबवर ६० हर्ट्झला चित्र लुकलुकत असे आणि डोके दुखे, म्हणून जाणकार ते ७५ किंवा ८५ वर लावत. आजच्या सपाट पडद्यावर चित्र तसे लुकलुकत नाही. आता हर्ट्झचा संबंध हालचालीशी आहे. ६० हर्ट्झवर नवे चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांनी येते, १४४ वर ६.९ आणि २४० वर ४.२ मिलिसेकंदांनी. धावता खेळाडू, वळणारी गाडी किंवा पटकन फिरवलेला माउस १४४ वर स्पष्टपणे सलग दिसतो.

हा फरक खरा आहे. मुलगा उगाच हट्ट करत नाही. पण आकडे पुन्हा बघा. ६० वरून १४४ वर जाताना जवळपास १० मिलिसेकंद वाचतात, तर १४४ वरून २४० वर जाताना तीनसुद्धा नाहीत. पहिली पायरी कोणालाही जाणवते. दुसरी पायरी स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूच्या कामाची आहे. घरगुती खेळासाठी १४४ ते १८० हर्ट्झ पुष्कळ झाले.

पडदा दाखवतो, चित्र संगणक काढतो

इथेच सर्वाधिक पैसे वाया जातात. मॉनिटर स्वतः चित्र बनवत नाही. चित्र बनवते संगणकातले ग्राफिक्स कार्ड. ते सेकंदाला ४० चित्रे, म्हणजे ४० फ्रेम देत असेल, तर १४४ हर्ट्झच्या पडद्यावरही ४० च फ्रेम दिसणार. नळाला पाणीच बारीक येत असेल तर मोठी बादली लावून ती लवकर भरत नाही.

आमच्या परिचयाच्या एका घरात हेच झाले. वडील चिकलठाण्यात कामाला. मुलाने ३२ इंची फोर-के मॉनिटर मागितला, दुकानदाराने 'एकदाच घ्या, चांगला घ्या' म्हणून दुजोरा दिला आणि बोनस त्यात गेला. घरातला संगणक ऑफिसातून निघालेला, जुना, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला. फोर-केवर गेम अडखळू लागला. रेझोल्यूशन उतरवले तर एवढ्या मोठ्या पडद्यावर चित्र पुसट दिसू लागले. त्याच रकमेत साधा १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणि एक जुने पण कामाचे ग्राफिक्स कार्ड, दोन्ही आले असते.

म्हणून पैसे काढण्याआधी एक चाचणी घरीच करा. तिला खर्च नाही. बहुतेक गेममध्ये किंवा 'स्टीम'सारख्या ॲपच्या सेटिंगमध्ये फ्रेम मोजणारा आकडा पडद्यावर दाखवण्याची सोय असते. तो चालू करा आणि मुलाला नेहमीचा गेम अर्धा तास खेळू द्या. शेजारी बसून आकडा बघा. 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक'सारखे तुलनेने हलके गेम साध्या कार्डावरही १०० च्या पुढे जातात. तिथे १४४ हर्ट्झ घेण्यात अर्थ आहे. 'रेड डेड रिडेम्प्शन २' किंवा 'सायबरपंक २०७७'सारखे जड गेम ४०-५० वर रेंगाळत असतील, तर पैसा मॉनिटरवर नव्हे, आधी कार्डावर लागला पाहिजे.

फ्रेम कमी-जास्त होत असतील तर 'फ्रीसिंक' किंवा 'जी-सिंक' ही सोय असलेला मॉनिटर बघा. संगणकाच्या गतीप्रमाणे पडदा आपली गती बदलतो, त्यामुळे चित्र मध्येच फाटल्यासारखे दिसत नाही. आता स्वस्त मॉनिटरमध्येही ती मिळते.

आकार खोलीवरून ठरवा

रेझोल्यूशन म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या. फुल एचडीत सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, क्यूएचडीत (१४४०-पी) ३६.९ लाख आणि फोर-केत ८२.९ लाख. फोर-केसाठी कार्डाला फुल एचडीच्या चौपट ठिपके रंगवावे लागतात.

टेबल आणि खुर्ची भिंतीला लागून असेल, तर डोळे पडद्यापासून हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटरवर येतात. या अंतरावर २४ इंची फुल एचडी पडदा नेटका दिसतो आणि मान न फिरवता सगळा नजरेत येतो. त्याची रुंदी सुमारे ५३ सेंटिमीटर, म्हणजे लहान टेबलावर बसणारी. २७ इंच हवा असेल तर क्यूएचडी घ्या. २७ इंचावर फुल एचडीचे ठिपके विरळ होतात आणि जवळून अक्षरे फुटल्यासारखी दिसतात. गेममध्ये ते खपून जाईल, पण त्याच पडद्यावर बहीण पीडीएफ वाचणार असेल तर तिला त्रास होईल. दोन खोल्यांच्या घरात ३२ इंच सहसा नकोच.

पॅनेल आणि 'एक मिलिसेकंद'

डब्यावर आयपीएस, व्हीए, टीएन किंवा ओलेड असे लिहिलेले असते. टीएन जलद, पण बाजूने बघितले की रंग बदलतात. व्हीएमध्ये काळा रंग गडद दिसतो, मात्र स्वस्त व्हीएवर अंधाऱ्या दृश्यांत हालचालीमागे सावली ओढली जाते. ओलेड अतिशय जलद आणि सुंदर, पण महाग. एकच चित्र तासन्तास राहिले तर त्याचा डाग पडण्याची भीती असते. जिथे पलंगावर बसून बाकीचेही तोच पडदा बघतात, तिथे आयपीएस सर्वांत सोयीचा. कुठूनही बघा, रंग जवळपास तेच दिसतात.

'१ मिलिसेकंद' या मोठ्या अक्षरांना भुलू नका. त्यापुढे बारीक अक्षरांत 'जीटीजी' आहे की 'एमपीआरटी' ते वाचा. एमपीआरटीचा आकडा बहुधा मागचा दिवा झपाट्याने चालू-बंद करून मिळवलेला असतो आणि ती सोय लावली की पडदा मंद होतो. तसेच स्वस्त मॉनिटरवर 'एचडीआर' लिहिलेले असले तरी त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. त्याला लागणारा लख्ख उजेड आणि गडद काळा त्या पडद्यात नसतो.

केबल आणि एक विसरलेली सेटिंग

नवा मॉनिटर जोडला तरी अनेक घरांत तो ६० हर्ट्झवरच चालत राहतो, कारण विंडोजमध्ये आकडा कोणी बदललेला नसतो. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट १४४ किंवा जो असेल तो निवडा. आकडा दिसत नसेल तर केबल तपासा. शक्यतो डिस्प्लेपोर्टची केबल वापरा. ती ग्राफिक्स कार्डालाच लावा, मदरबोर्डच्या सॉकेटला नाही. प्लेस्टेशन ५ जोडणार असाल आणि फोर-केवर १२० हर्ट्झ हवे असतील, तर एचडीएमआय २.१ लागते.

अनेक मॉनिटरमध्ये स्पीकर नसतात, हेही आधी विचारा. तसे हेडफोनने घरात शांतता राहते. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दुपारी झोप हवी असते.

डोळे, झोप आणि पत्र्याचे छत

अम्मीची काळजी रास्त आहे. पडद्याकडे एकटक बघताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे होतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे बघावे, हा साधा नियम लावून द्या. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. स्वस्त स्टँड वर-खाली होत नाहीत. खाली जाड फळी ठेवली तरी काम भागते. डब्यावर 'फ्लिकर-फ्री' आहे का ते बघा. निळ्या प्रकाशाची फार धास्ती नको, पण रात्री उशिरापर्यंतचा लख्ख पडदा झोप पुढे ढकलतो आणि मग फजरला उठणे जड जाते. लहान वयात दिवसा मोकळ्या उजेडात घालवलेला वेळ लांबचा चष्मा लागण्यापासून बराच बचाव करतो. म्हणून खेळाच्या तासांइतकाच मैदानाचा वेळही ठरवून द्या.

मॉनिटर खिडकीसमोर ठेवू नका. उजेड बाजूने यावा. बहुतेक मॉनिटर ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी तापमान त्यापुढे जाते, तेव्हा तो बंद ठेवणेच बरे. विजेच्या चढ-उतारासाठी चांगला स्पाइक गार्ड घ्या.

पैशाचा हिशेब

साधारणपणे २४ इंची फुल एचडी, आयपीएस, १४४ हर्ट्झच्या पुढचा मॉनिटर १० हजारांच्या आसपास मिळतो. २७ इंची क्यूएचडी त्याच्या दुपटीकडे जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या पडद्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर तो आधीपासून १८ च होता. त्यामुळे '२४ इंचीवर टॅक्स कमी झाला' असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नका.

'नो कॉस्ट ईएमआय' हा शब्दही नीट समजून घ्या. क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनेत बँक सहसा व्याज लावतेच. तेवढी सूट विक्रेता किंवा कंपनी किमतीत देते. वर त्या व्याजावरचा जीएसटी आणि बहुधा प्रोसेसिंग फीही आपल्याकडूनच जाते. व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहणाऱ्या घरांना हे आधी माहीत असायला हवे. भिशीची पाळी येईपर्यंत चार महिने थांबणे यापेक्षा बरे.

आणखी एक गोष्ट मुलाशी स्पष्ट बोला. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आहे. ई-स्पोर्ट्सला मात्र खेळ म्हणून मान्यता दिली आहे. खेळणे वेगळे आणि जुगार वेगळा, ही रेषा घरातही तितकीच ठळक असू द्या.

दुकानात उभे असताना

पैठण गेट, औरंगपुरा भागात खरेदी करा किंवा ऑनलाइन मागवा. डबा उघडल्यावर पडद्यावर पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा रंग लावून बघा. मेलेला ठिपका लगेच दिसतो. किती ठिपके मेले तर बदलून मिळेल, वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस सेंटर आपल्याच शहरात आहे का, हे बिल होण्याआधी विचारा. मॉनिटर दुरुस्तीसाठी मुंबईला पाठवावा लागला तर स्वस्ताई तिथेच संपते. पक्के बिल आणि डबा जपून ठेवा.

शेवटी एक सुचवतो. मॉनिटर मुलासाठी घ्यायचा असला तरी निवडायला त्याच्याबरोबर बसा. फ्रेमचा आकडा त्याला मोजायला सांगा, तीन मॉनिटरची माहिती त्यालाच वहीत लिहायला लावा आणि आपल्याकडे किती पैसे आहेत तेही त्याला मोकळेपणाने सांगा. हर्ट्झ काय असते ते तो तुम्हाला शिकवेल, आणि घराचा पैसा कसा जपतात ते तुमच्याकडून शिकेल.